पेन्सिलीखालचा डाग

"ही कोण?" बेकरीवालीने फोटो काउंटरवर आपटला. "मी विचारतेय, ही बाई कोण?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते. दुकानाचं शटर मी अर्धंच उघडलं होतं आणि ती त्याच्याखालून वाकून आत घुसली होती. दोन्ही बाह्यांना पीठ, कपाळावरही पीठ, आणि रागाने नाकपुड्या फुललेल्या. मी चष्मा लावून फोटो बघितला. मला तर तो झकास वाटला.

"तूच की."

"माझी हनुवटी कुठाय?"

"जागच्या जागी आहे."

"आणि हनुवटीवरची खाच?"

मी जीभ चावली. खाच नव्हती. हनुवटी कशी गुळगुळीत, अंड्यासारखी. आणि हा पराक्रम माझाच होता.

त्याचं असं आहे, माझ्या हाताला एक खोड आहे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मी बाबांच्या या स्टुडिओत रिटचिंग करते. माणसाच्या चेहऱ्यावरचा डाग फोटोत काळा दिसतो, पण निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. तिथे तो डाग कोरा असतो, काचेसारखा आरपार. त्या कोऱ्या जागेत टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक रेघा भरत गेलं की फोटोत डाग गायब. देवीचे वण, मुरुमं, सुरकुत्या, काय वाटेल ते. दुकानाच्या पाटीवर बाबांनी तेव्हाच रंगवून घेतलंय, 'डाग दिसणार नाही'. आता कॉम्प्युटर आला, कामं बदलली, पण समोर निगेटिव्ह आणि शेजारी पेन्सिल दिसली की माझी बोटं माझं ऐकत नाहीत. काल दुपारी बेकरीवालीची निगेटिव्ह वाळून डेस्कवर पडली होती, रेडिओ चालू होता, आणि मी गुणगुणत गुणगुणत तिची हनुवटी साफ करून टाकली. वर स्वतःच प्रिंट काढून, पाकिटात घालून तिच्या दुकानी पोचवलीसुद्धा.

"ती खाच नवऱ्याने फेकलेल्या किलोच्या वजनाची आहे," बेकरीवाली म्हणाली. "रक्त पुसलं आणि त्याच पावली घर सोडलं मी. तीच पुसायची असेल तर मला कशाला लावताय भिंतीवर? केकची जाहिरात करताय का?"

आतल्या खोलीतून माझी भाची धावत आली. ती माझ्या ताईची मुलगी. लहानपणी ताईने तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली, आणि आता ती दारात डोकं आपटेल इतकी उंच झाली तरी चिमणीच राहिली. तिने फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी! तू रिटच केलंस?"

"मी नाही केलं. हाताने केलं."

"हात कोणाचा?"

मी टर्पेंटाइनची बाटली शोधायला लागले.

हा सगळा उपद्व्याप चिमणीचा. बसस्थानकाच्या प्रतीक्षालयात बारा उजेडाच्या चौकटी आहेत, मागे दिवे आणि पुढे काच असलेल्या. इतकी वर्षं त्यात साबण आणि वह्यांच्या जाहिराती होत्या. जुना करार संपला, नवा महिनाभराने सुरू होणार होता, आणि डेपोत वेळापत्रक बघणाऱ्या बाईने खटपट करून तेवढ्या महिन्यापुरत्या चौकटी चिमणीला मिळवून दिल्या. त्या बाईचं स्वतःचं मनगट दोनदा मोडलेलं. दोन्ही वेळा ती जिन्यावरून पडली असं तिने डेपोत सांगितलं होतं, आणि तिचं घर तळमजल्यावर आहे. चिमणीला त्या चौकटींत बारा बायका लावायच्या होत्या. घरात मार खाल्लेल्या आणि आता तोंड लपवायचं नाही असं ठरवलेल्या.

"पोलिसांच्या फोटोत बाई मुद्देमालासारखी दिसते," चिमणी म्हणाली होती. "आणि पेपरात तिला चेहराच नसतो. गुडघ्यात डोकं घालून बसलेली एक सावली, बास. मला डोळ्याला डोळा भिडवणाऱ्या बायका हव्यात."

त्यासाठी तिने बाबांचा लाकडी कॅमेरा माळ्यावरून काढला. पोस्टकार्डाएवढी निगेटिव्ह निघते त्यातून. ती स्कॅन करायची आणि फ्लेक्सवाल्याकडून दाराएवढी मोठी करून आणायची, असा बेत. त्या कॅमेऱ्याला लांब रबरी नळी आहे आणि नळीच्या टोकाला मुठीत मावणारा रबरी फुगा. फुगा दाबला की फोटो निघतो. तो फुगा आजवर बाबांच्या नाहीतर माझ्या मुठीत असायचा. चिमणीने तो समोर बसणाऱ्या बाईच्या हातात दिला.

"तिच्यावर कधी काय कोसळणार ते आजवर दुसऱ्यानेच ठरवलं," ती म्हणाली. "निदान फोटो कधी निघणार ते तिला ठरवू दे."

"सगळ्यांचे डोळे मिटलेले येतील," मी म्हटलं. तीस वर्षांचा अनुभव बोलत होता. तोंडावर आपटला.

तर, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून मी बेकरीवालीची निगेटिव्ह काचेच्या उतरत्या डेस्कवर ठेवली, खालचा दिवा लावला आणि हनुवटीवरून हलकेच बोळा फिरवला. पेन्सिल सुटली, बोळा करडा झाला, आणि खाच होती तश्शी वर आली. बेकरीवाली इतकी पुढे झुकली की तिच्या केसांतलं पीठ काचेवर पडलं.

"अगं बाई! म्हणजे तू पुसत नाहीसच. नुसतं झाकतेस!"

"झाकतेच."

"आणि खाली सगळं असतं?"

"असतं. जाणार कुठे?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय!" ती खदखदून हसली आणि माझ्या पाठीत असा धपका घातला की चष्मा नाकावरून घसरला. मागच्या टेबलाशी ताई ग्राहकांचे फोटो पाकिटांत भरत बसली होती. तिचा हात थांबला होता आणि ती त्या करड्या बोळ्याकडे बघत होती. मला ते दिसलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. लक्ष न देण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

पुढचे चार दिवस कसे गेले ते विचारू नका. मी आयुष्यभर फोटो काढले. बारशांपासून शोकसभांपर्यंत, हजारोंनी. पण इतकी मजा, इतकी धडधड मी कधी अनुभवली नव्हती. बस चालवणारी एक बाई आली, गणवेशातच. स्टुलावर बसली, फुगा घेतला आणि मी दिवा वळवायच्या आत फुस्स करून दाबला. मी ओरडले, "अगं, थांब, उजेड नीट नाही!" ती म्हणाली, "मला नीट वाटला." आणि फोटो काय आला! अर्धा चेहरा अंधारात आणि उरलेल्या अर्ध्यात असा डोळा, की समोरच्याने आपणहून बाजूला व्हावं. मग सत्तरीची एक निवृत्त नर्स आली. ती फुगा धरून चाळीस मिनिटं नुसती बसली. बोलली नाही, दाबलं नाही. मध्येच डोळे भरून आले, तेव्हाही दाबलं नाही. शेवटी पाणी मागितलं, ते पिताना तिला उचकी लागली, उचकीचं तिलाच हसू आलं आणि त्या हसण्यातच तिने फुगा दाबला. डार्करूममध्ये तो चेहरा वर येताना बघून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. सत्तेचाळीस वर्षांची घोडी मी, ओल्या हातांनी टाळ्या वाजवत होते.

बुधवारपर्यंत अकरा बायका झाल्या. शनिवारी सकाळी अकरा वाजता चौकटींचे दिवे लागणार होते. बारावी जागा रिकामी होती आणि ती कोणासाठी आहे हे न बोलता तिघींनाही ठाऊक होतं.

"तू आईला सांगत का नाहीस?" मी चिमणीला विचारलं.

"मी म्हटलं तर ती माझ्यासाठी बसेल. मला ती तिच्यासाठी बसायला हवीय."

आणि ताई? ताई म्हणायची, "आधी बाकीच्यांचं होऊ दे." जेवतानाही सगळ्यांच्या शेवटी बसायची तिची सवय.

आठ महिन्यांपूर्वी ताई एक पिशवी घेऊन माझ्याकडे राहायला आली. चोवीस वर्षांचा संसार मागे टाकून. माझे भावजी शाळेत मुख्याध्यापक, अर्धं शहर त्यांच्या हाताखालून शिकलेलं. सगळे त्यांना हेडसर म्हणतात. बाहेर कधी आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. ताई गेल्यापासून ते भेटेल त्याला शांतपणे एकच सांगत होते, "चोवीस वर्षांत कोणी तिच्या अंगावर एक ओरखडा पाहिला असेल तर पुढे यावं." कोणी पुढे येत नव्हतं. ताईच्या मैत्रिणी बाजारात तिला बघून दुसऱ्या गल्लीत वळायच्या. आमचा मामासुद्धा म्हणाला, "पोरी, उगाच कोणाला बदनाम करू नये." घर, भांडी, काही ताईला नको होतं. आपण म्हणतो ते खरं आहे एवढं कोणीतरी मानावं, इतकंच तिला हवं होतं. तेच मिळत नव्हतं.

गुरुवारी दुपारी हेडसर दुकानात आले. ताई आणि चिमणी फ्लेक्सवाल्याकडे गेल्या होत्या. आधी त्यांनी माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली, मग बाबांच्या फोटोकडे बघून उसासा टाकला. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. शेवटी भांडं निघालं.

"बसस्थानकावर काहीतरी लावताय म्हणे."

"लावतोय."

"तीही आहे का त्यात?"

"ते तिचं ती ठरवेल, भावजी."

त्यांनी पाकीट काढलं आणि त्यातून एक छोटा फोटो. माझ्यासमोर काउंटरवर ठेवला, बेकरीवालीने आपटला होता बरोब्बर तिथेच, पण अलगद.

"तिने तुमच्या मामांना सांगितलं की चिमणी चार वर्षांची असताना मी बायकोचा डोळा काळानिळा केला. हा बघ फोटो. त्याच वर्षीचा, त्याच महिन्यातला, मागे तुमच्या स्टुडिओचा शिक्का आणि तारीख आहे. दिसतंय काही? हातच्या काकणाला आरसा कशाला? शनिवारी मीही येईन. लोकांना हाच दाखवीन." फोटो परत पाकिटात घालून ते हसले. "तुझंच काम आहे. सुंदर आहे."

ते गेले तरी मी काउंटर धरून उभी होते.

कारण ते खरंच माझं काम होतं. आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर काम.

एकोणीस वर्षांपूर्वी ताई अशाच एका दुपारी आली होती. केस डाव्या गालावर ओढून घेतलेले, कडेवर चिमणी. म्हणाली, पोस्टात नोकरीचा अर्ज करायचाय, फोटो हवा. मी तिला स्टुलावर बसवलं, काळ्या कापडाखाली डोकं घातलं. त्या कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो. उलट्या चेहऱ्यावर, डाव्या डोळ्याखाली, हिरवट काळा डाग होता, वाटीच्या तोंडाएवढा. मला तो पहिल्या क्षणी दिसला. मी म्हणाले, "हनुवटी जरा वर." एवढंच म्हणाले. नंतर दीड तास पेन्सिल घेऊन बसले आणि तो डाग असा भरला, की बाबा भिंगातून बघून म्हणाले, आता तू माझ्या पुढे गेलीस. ताईने आठ प्रती घेतल्या, बराच वेळ बघितल्या, म्हणाली, "छान आलाय," आणि निघून गेली.

मी का नाही विचारलं? विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि तिने सांगितलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. आम्ही सगळे भावजींवर खूष होतो. मी घाबरट होते. दुसरं कारण नाही.

मी दुकान आतून बंद केलं आणि मागच्या खोलीतले खण उपसायला सुरुवात केली. बाबांची शिस्त, एकही निगेटिव्ह टाकायची नाही. वर्ष, महिना, क्रमांक, खाकी पाकिटं. दुसऱ्या कपाटातल्या पाचव्या खणात ते पाकीट सापडलं. दिव्यावर धरलं, तर डाव्या डोळ्याखाली माझ्या रेघा. प्रत्येकाची रेघ वेगळी असते. माझी छोटी, शेपटी वळवलेली, स्वल्पविरामासारखी. पाचशे तरी स्वल्पविराम असतील. आणि त्यांच्या खाली सगळं असणार होतं!

मला तिथल्या तिथे बोळा फिरवायचा होता. हात शिवशिवत होते. पण या वेळी मी हाताला विचारलं, हा चेहरा कोणाचा?

ताई परत आली तेव्हा मी निगेटिव्ह, बोळा आणि बाटली डेस्कवर मांडून बसले होते. हेडसर आल्याचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, आणि मग एका दमात म्हणून टाकलं, "ताई, मला दिसला होता. त्या दिवशी. मला दिसला होता आणि मी तो झाकला."

ताई स्टुलावर बसली. तिने निगेटिव्ह दिव्यावर धरून बघितली.

"मी फोटो काढायला नव्हते आले गं," ती म्हणाली.

"पण अर्ज..."

"कसला अर्ज? डोळा सुजलेला असताना अर्जाचा फोटो कोण काढतं? बाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं. शहरात तेव्हा तीन स्टुडिओ होते. मी म्हटलं, माझी बहीण डाग शोधण्यात पटाईत आहे, तिला दिसल्याशिवाय राहायचा नाही. ती विचारेल." तिने नाक पुसलं. "आठ प्रती घेऊन घरी गेले. त्याने बघितल्या आणि म्हणाला, बघ, काही झालेलंच नाही. मलाही कधी कधी तसंच वाटायला लागलं मग."

मी रडले. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी. ताईने मला थोडं रडू दिलं.

"बास आता. निगेटिव्हवर पडेल," ती म्हणाली आणि बोळा उचलला. "असा गोल फिरवायचा का?"

"हलक्या हाताने. बाहेरून आत."

तिने स्वतः पुसलं. एकेक स्वल्पविराम करत. मग आम्ही डार्करूममध्ये गेलो. लाल दिव्याखाली मी शाळेच्या पाटीएवढा कागद फोटो उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या तबकात सोडला आणि दोघी वाकून बघत राहिलो. आधी केस आले, मग कॉलर, कॉलरचं तुटलेलं बटण, मग ओठ, आणि शेवटी डाव्या डोळ्याखाली तो काळा डाग हळूहळू गडद होत गेला. ताईने माझा दंड गच्च धरला. बोटं रुतली.

"होता," ती म्हणाली. "होता ना! मी म्हणत होते ना!"

तिचा आवाज असा चढला की बाहेरून चिमणी दार बडवायला लागली. "काय झालं? मावशी, आत येऊ?"

"दार उघडू नकोस, उजेडाने कागद काळा पडेल!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो, आणि ओरडता ओरडता हसायला लागलो.

शुक्रवारी सकाळी ताई न सांगता स्टुलावर जाऊन बसली. मांडीवर तो मोठा फोटो उभा धरला, डागासकट, आणि उजवा हात पुढे केला. "दे तो फुगा." चिमणीने दिला. मी कापडाखालून सवयीने म्हणाले, "हनुवटी जरा..." आणि ताईने असं बघितलं की मी पुढचं गिळलं. तिने फुगा हातात तोलला, श्वास घेतला, दाबला. खटका वाजला तशी तिच्या चेहऱ्यावर लहान मुलाला पिपाणी मिळाल्यासारखा आनंद आला.

"अजून एक काढू?" तिने विचारलं. चार फिल्मा संपवल्या तिने.

शनिवारी अकराला चिमणीने बटण दाबलं आणि बारा चौकटी एकदम उजळल्या. काय सांगू! तिकिटाच्या रांगेतली माणसं वळली ती रांग विसरूनच. दाराएवढ्या बारा बायका समोरून बघत होत्या आणि नजर चुकवायला कुठे जागाच नव्हती, कारण बस तर तिथेच लागायची होती. नर्सबाई आपल्या हसऱ्या फोटोखाली उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "ही मीच" म्हणून सांगत होती. बेकरीवाली बिस्किटांचा ट्रे फिरवत होती आणि प्रत्येकाला खाच दाखवत होती, फोटोतली आणि हनुवटीवरची.

सव्वाअकराला हेडसर आले. सोबत शाळेतले दोन शिक्षक. ते थेट बाराव्या चौकटीसमोर गेले, ताईच्या मांडीवरच्या फोटोतला डाग त्यांनी बघितला, आणि क्षणभर त्यांचा चेहरा बदलला. पण मुरलेला माणूस. वळून वर्गात बोलावं तसं ते म्हणाले, "हे बघा मंडळी, आजकाल कॉम्प्युटरवर काहीही रंगवता येतं. हा त्याच दिवशीचा खरा फोटो." त्यांनी पाकिटातला फोटो उंच धरला. "तीच कॉलर, तेच तुटकं बटण. चेहऱ्यावर काही आहे का, सांगा!"

"बघू," म्हणून बेकरीवालीने तो त्यांच्या हातातून कधी काढून घेतला ते त्यांनाही कळलं नाही. लोक पुढे सरकले. लहान फोटो मोठ्या फोटोशेजारी काचेवर टेकवला गेला. तीच कॉलर. तेच बटण. केसांची तीच बट. एकात डाग, एकात नाही.

ताई माझ्याकडे बघत होती. चिमणीही. माझ्या पाटीवर काय लिहिलंय ते त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांना पाठ होतं, निम्म्यांच्या लग्नाचे फोटो माझ्या पेन्सिलीखालून गेलेले. मी गर्दीतून वाट काढत बाराव्या चौकटीपाशी गेले.

"खरं आहे हेडसरांचं," मी मोठ्याने म्हणाले. "दोन्ही फोटो एकाच दिवसाचे, एकाच निगेटिव्हचे. डाग काल कोणी रंगवला नाही. तो एकोणीस वर्षांपूर्वी मी झाकला होता. हेडसरांच्या फोटोत डाव्या डोळ्याखाली बघा. पांढुरक्या बारीक रेघा आहेत, शेपटी वळलेल्या. त्या माझ्या पेन्सिलीच्या आहेत."

चिमणीने गळ्यातलं भिंग काढून बेकरीवालीला दिलं. बेकरीवालीने एक डोळा मिटून बघितलं.

"आहेत!" ती ओरडली. "स्वल्पविरामच स्वल्पविराम! या, या, बघा सगळे, ढकलाढकली नको!"

आणि रांग लागली, खरीखुरी. तिकिटाची मोडून भिंगाची. हेडसर "माझा फोटो द्या" म्हणत हात पुढे करत होते, आणि बेकरीवाली "थांबा हो, अजून मागच्यांनी बघितला नाही" म्हणत होती. त्यांच्यासोबत आलेल्या दोघांतल्या एका शिक्षकाने भिंगातून बघितलं, भिंग खाली ठेवलं, आणि तो हेडसरांच्या शेजारी परत गेला नाही. मागे कुठेतरी आमचा मामा होता. तोही रांगेत उभा होता.

ताई माझ्याजवळ आली. एवढ्या लोकांत ती इतकी ताठ उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

"आता विचार," ती म्हणाली.

"काय?"

"तेव्हा विचारायचं राहिलं ते."

मी विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ताई, डोळ्याला काय झालं गं?"

फलाटावर साडेअकराची बस सुटायच्या तयारीत घरघरत होती. बस चालवणारीने खिडकीतून आमच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं. मग ताईने सांगितलं.